८०, १०० की १२०? हायवेवर गाडी नेमकं काय खाते

या वेळी पत्रं उघडली तर निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर, मोठ्या हायवेवर गाडी कुठल्या स्पीडला ठेवली की अॅव्हरेज चांगलं पडतं आणि सगळं करूनही ते का पडत नाही. म्हणून आज तोच एक विषय घेतो. ब्रेक पॅड आणि बॅटरीवाल्यांनी रागावू नका, तुमची उत्तरं पुढच्या अंकात.

प्रश्न : दादा, माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, तीन वर्षं झाली. कंपनी सांगते ते अॅव्हरेज मला आजपर्यंत एकदाही मिळालेलं नाही. ट्रॅफिकमध्ये कमी मिळतं ते कळतं, पण मोकळ्या हायवेवर जिथे ब्रेकला पाय लागत नाही तिथेसुद्धा १२० ला ठेवली की पेट्रोलचा काटा भराभर खाली येतो. मित्र म्हणतो इंजिन उघडून बघ. उघडू का?

उत्तर : अजिबात उघडू नका. गाडी नीट चालू होते, धूर नाही, ओढते व्यवस्थित, मग इंजिनवर संशय घ्यायचं कारणच नाही. तुमचं पेट्रोल जातंय ते समोरची हवा ढकलण्यात.

हवा आपल्याला दिसत नाही म्हणून ती तिथे आहे हेच आपण विसरतो. लहानपणी खिडकीतून हात बाहेर काढून मोठ्यांची बोलणी खाल्ली असतील (हल्लीच्या मुलांनी काढू नये, खरंच नको) तर आठवून बघा, गाडी हळू असताना हात आरामात राहायचा आणि जरा स्पीड घेतला की कोपरापासून मागे फेकला जायचा. गाडीचं पण तेच होतं, फक्त तिचा हात दोन चौरस मीटरपेक्षा मोठा आहे. आणि गोम अशी की स्पीड दुप्पट झाला की हवेचा विरोध दुप्पट नाही होत, चौपट होतो.

आता आकड्यात बोलू, त्याशिवाय पटत नाही. साधारण १२०० किलोची छोटी गाडी धरा, सपाट रस्ता, वारा नाही. टायर रस्त्यावर दबत दबत फिरतात त्यात जाणारा जोर साधारण १३ किलो, तो स्पीड वाढला तरी फारसा बदलत नाही. हवेचा जोर मात्र ८० ला साधारण २० किलो, १०० ला ३१ किलो आणि १२० ला ४५ किलो. म्हणजे १२० ला तुम्ही एक चांगला धडधाकट शाळकरी मुलगा अंगावर रेलून उलटा ढकलतोय अशी गाडी अख्खा रस्ता चालवताय. हॉर्सपॉवरमध्ये मोजलं तर फरक अजून उघडा पडतो, कारण तोच जोर जास्त स्पीडने ढकलायचा असतो, ८० टिकवायला चाकांवर १० हॉर्सपॉवर पुरतात, १०० ला १६ लागतात आणि १२० ला २६.

लगेच कुणी म्हणेल की मग १२० ला पेट्रोल ८० च्या अडीचपट जळायला पाहिजे, तसं होत नाही. एक म्हणजे तुम्ही तेच अंतर कमी वेळात कापता, आणि दुसरं म्हणजे पेट्रोल इंजिनला थोडं ओझं आवडतं. अगदी हलक्या पायाने चालवताना त्याची बरीच शक्ती अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून (इंजिनात हवा सोडणारी झडप) हवा ओढून घेण्यात वाया जाते, ओझं वाढलं की तो वाया जाणारा भाग कमी होतो. त्यामुळे १०० वरून १२० ला गेल्यावर जोर ३० टक्क्यांच्या आसपास वाढला तरी पेट्रोल बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये साधारण १५ ते २५ टक्के जास्त जातं. पण विचार करा, लिटरला २० देणारी गाडी १६-१७ वर येते आणि आपण बोल लावतो इंजिनला.

कंपनीचा आकडा का मिळत नाही त्याचं उत्तर पण यातच आहे. तो आकडा येतो लॅबमध्ये रोलरवर केलेल्या टेस्टमधून. युरोपात वर्षानुवर्षं चाललेली जुनी एनईडीसी टेस्ट होती, तिच्यात २० मिनिटांत जेमतेम ११ किलोमीटर व्हायचे आणि १२० चा स्पीड मोजून १० सेकंद. तिच्या जागी नंतर आलेली डब्ल्यूएलटीपी टेस्ट बरीच खरी आहे, तिच्यात गाडी १३१ पर्यंत जाते, तरी ३० मिनिटांच्या पूर्ण टेस्टची सरासरी ४६.५ किलोमीटरच पडते. तुम्ही दोन दोन तास सलग १२० ला आहात. ती परीक्षा वेगळी आणि तुमचा पेपर वेगळा.

एक महिना स्पीडचा काटा १०० च्या वर जाऊ देऊ नका, बाकी काही बदलू नका, आणि मग मला लिहा.

प्रश्न : सर मी कॉलेजला आहे, बाबांची गाडी चालवतो. हवेचा विरोध एवढा असेल तर ४० ने चालवली तर सगळ्यात जास्त अॅव्हरेज मिळेल ना? मग लोक ८० का सांगतात?

उत्तर : प्रश्न एकदम बरोबर विचारलास. हवेचा हिशोब एकटा असता तर तुझं म्हणणं खरं ठरलं असतं, पण इंजिन चालू ठेवायचा म्हणून वेगळा खर्च असतो. गाडी जागेवर उभी असली तरी छोटं इंजिन तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल पितं, स्वतःला फिरवायला, पंप, अल्टरनेटर, सगळं चालवायला. आता १०० किलोमीटर ४० ने गेलास तर अडीच तास हे भाडं भरायचं, ८० ने गेलास तर सव्वा तास. हळू गेलं की हवा कमी खाते पण इंजिनचं भाडं वाढतं, जोरात गेलं की उलटं. दोन्ही मिळून सगळ्यात कमी जिथे पडतं तो स्पीड बहुतेक गाड्यांमध्ये टॉप गिअरला ६० ते ८० च्या दरम्यान कुठेतरी असतो आणि ८० च्या पुढे अॅव्हरेज भराभर घसरतं.

पण म्हणून मोठ्या हायवेवर ५० ने चालवू नकोस. मागून येणाऱ्याला तुझ्या गाडीचा स्पीड लांबून कळत नाही, तो जवळ आल्यावर दचकतो, आणि हायवेवरचे कितीतरी भयानक अपघात असे मागून ठोकल्याचेच असतात. हळू जाणाऱ्यांच्या लेनमध्ये ट्रक जेवढ्याने चाललेत तेवढ्याने किंवा थोडं वर, म्हणजे ८०-९०, एवढं धर. बाबांना पण सांग.

प्रश्न : नमस्कार दादा. आमचे हे कधीच १३० च्या खाली येत नाहीत. काही बोललं की म्हणतात वेळ वाचतो, तुला गणित कळत नाही. तुम्हीच सांगा नक्की किती वाचतो?

उत्तर : ताई, गणित तुमच्याच बाजूने आहे, कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा.

१०० किलोमीटर जायला ८० ने ७५ मिनिटं लागतात. १०० ने ६०. १२० ने ५०. १४० ने साधारण ४३. नीट बघा, प्रत्येक वेळी स्पीड २० नेच वाढवलाय पण पहिल्या वेळी १५ मिनिटं वाचली, मग १०, मग ७. वाचणारा वेळ दर वेळी कमी होतोय आणि जळणारं पेट्रोल दर वेळी वाढतंय. ३०० किलोमीटरच्या प्रवासात १०० आणि १३० यांच्यातला फरक ४२ मिनिटं, ते पण अख्खा रस्ता न थांबता, कुणी मध्ये न येता, काटा १३० ला चिकटून राहिला तर. प्रत्यक्षात तसं होत नाही. १३० वाल्याला सारखं कुणीतरी आडवं येतं, तो ब्रेक मारतो, परत दाबतो, आणि टोलच्या लाइनीत १०० वाला त्याच्या मागे येऊन उभा राहतो.

या ब्रेक मारून परत दाबण्याचा पण हिशोब सांगतो कारण तो कुणी धरतच नाही. १२०० किलोची गाडी १२० वरून ब्रेक मारून ८० वर आणली आणि परत १२० ला नेली तर एका वेळेला साधारण ३५ ते ४० मिलिलिटर पेट्रोल ब्रेकच्या गरमीत गेलं. म्हणजे चहाचे सात-आठ चमचे. तासात दहा वेळा असं झालं तर पाव लिटरच्या बरंच वर. तेवढं पेट्रोल बाटलीत भरून कुणी रस्त्यावर ओतलं तर आपण त्याला अडवू, पण ब्रेकमधून जाताना ते दिसत नाही.

आणि पैशापलीकडचं एक, स्पीड १०० चा १३० झाला की ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला लागणारं अंतर १.७ पट होतं. तुम्ही शेजारच्या सीटवर जीव मुठीत धरून बसता ते उगाच नाही. हे वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

प्रश्न : मी निवृत्त आहे, चाळीस वर्षं गाडी चालवतोय. उतार लागला की न्यूट्रल करायचं हे आम्ही आयुष्यभर केलं आणि पेट्रोल वाचवलं. नातू म्हणतो आजोबा त्याने उलट जास्त जळतं. कोण बरोबर?

उत्तर : काका, तुमच्या जुन्या गाडीसाठी तुम्ही चूक नव्हता, आजच्या गाडीसाठी नातू बरोबर आहे. कार्ब्युरेटरच्या इंजिनात, म्हणजे जिथे हवेच्या ओढीनेच पेट्रोल आत जायचं तिथे, गिअरमध्ये उतार उतरताना पण पेट्रोल ओढलं जायचंच, त्यामुळे न्यूट्रलमध्ये काहीतरी वाचायचं. आजच्या फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, तो बघतो, अॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलाय, गाडी गिअरमध्ये आहे, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) बऱ्यापैकी आहेत, की तो पेट्रोल सरळ बंद करतो. चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रल केलंत की इंजिनला स्वतःच्या जोरावर फिरत राहावं लागतं, म्हणजे ते मघाचं भाडं सुरू.

आणि लांब उतारावर न्यूट्रल म्हणजे इंजिनचं ब्रेकिंग गेलं, सगळा भार ब्रेकवर, ते तापले की पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. त्यामुळे हे आता सोडाच काका, गिअरमध्येच उतरवा. पुढे लाल सिग्नल किंवा टोल दिसला की लांबूनच पाय काढायची तुमच्या पिढीची जी सवय आहे ती मात्र सोन्यासारखी आहे, ती नातवाला शिकवा.

प्रश्न : हायवेवर एसी लावावा की काचा खाली कराव्यात? आणि टपावरच्या कॅरिअरने खरंच फरक पडतो का, आमच्याकडे कायम लावलेलं असतं.

उत्तर : गावात ४०-५० च्या स्पीडला काचा खाली केल्या तर चालतं. हायवेच्या स्पीडला काचा लावून एसी, हेच बरं, उघड्या काचांनी गाडीच्या अंगावरून सरळ जाणारी हवा आत घुसून घुमायला लागते. फरक फार मोठा नाही, त्यावरून भांडू नका.

कॅरिअरचा फरक मात्र मोठा आहे. माझ्या स्वतःच्या गाडीवर एका लांब प्रवासासाठी कॅरिअर लावलं होतं आणि नंतर काढायचं राहून गेलं, कित्येक महिने तसंच. नव्वदच्या वर गेलं की डोक्यावर बारीक शिट्टी सुरू व्हायची, शंभरला तिची घरघर व्हायची, मी रेडिओ मोठा करायचो. एक दिवस मेकॅनिकने गाडी खाली घेता घेता वर बोट दाखवून विचारलं, हे कशाला ठेवलंय. काढलं, आणि परत जाताना पहिल्यांदा जाणवलं की गाडी किती शांत आहे. तो आवाज म्हणजेच पेट्रोल होतं हो, हवा फाडायला जी ताकद जात होती तीच कानाला ऐकू येत होती. अमेरिकन सरकारचा आकडा असा आहे की टपावर सामानाचा बॉक्स असेल तर १०५ ते १२० च्या स्पीडला अॅव्हरेज १० ते २५ टक्के कमी होतं, गावातल्या स्पीडला मात्र २ ते ८ टक्केच. सामान डिकीत बसत असेल तर डिकीत टाका, आणि काम झालं की कॅरिअर उतरवून घरात ठेवा.

टायरची हवा पण याच खात्यातली. चारही टायरमध्ये एक एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी असेल तर अॅव्हरेज साधारण ०.२ टक्के कमी होतं, ऐकायला काहीच नाही, पण लोक सात-आठ पीएसआय कमीवर फिरतात आणि मग हायवेला टायर तापतो ते वेगळंच. गाडी थंड असताना हवा चेक करायची, दरवाज्याजवळच्या स्टिकरवर आकडा लिहिलेला असतो, भरगच्च भरलेल्या गाडीचा वेगळा असतो तो पण बघा.

प्रश्न : भावा बाइकला पण हेच लागू आहे का? माझी बाइक गाडीपेक्षा एवढी बारीक, हवा काय लागणार तिला.

उत्तर : लागू आहे, आणि जास्तच लागू आहे. बाइक समोरून बारीक दिसते पण तिचा आकार हवेला अजिबात सोयीचा नाही, हँडल, गुडघे, खांदे, हेल्मेट, फडफडणारं जॅकेट, सगळीकडे हवा अडकते. हिशोब केला तर सरळ ताठ बसलेल्या माणसासकट बाइकचा हवेला होणारा विरोध एखाद्या छोट्या गाडीच्या जवळपास पोचतो. वजन कमी असल्यामुळे टायरचा खर्च नगण्य, म्हणजे हायवेवर तुझं जवळजवळ सगळं पेट्रोल हवाच खाते. त्यामुळे १०० वरून ८० ला आलास तर बाइकवर फरक लगेच दिसेल. जॅकेटची चेन वरपर्यंत लाव, ते पण मोजण्यात येतं.

प्रश्न : इलेक्ट्रिक घेतली. गावात रेंज मस्त, हायवेला धडाधड कमी होते. पेट्रोल गाडीचं तर उलट असतं ना?

उत्तर : बरोबर निरीक्षण आहे. पेट्रोल इंजिन गावात इतकं वाया घालवतं की हायवेला त्याचं बरं दिसतं. मोटर सगळीकडेच काटकसरीने चालते, तिच्याकडे लपवायला वाया जाणारं फारसं नाही, म्हणून हवेचा पूर्ण खर्च स्क्रीनवर तसाच्या तसा दिसतो. वर जो ३० टक्के जास्तीचा जोर सांगितला तो इथे जवळजवळ पूर्ण लागतो, १०० ऐवजी १२० ला ठेवली तर रेंजचा जवळपास चौथा हिस्सा जातो. आणि लांबच्या प्रवासात चार्जिंगसाठी एक थांबा वाढला की १२० ने वाचवलेला सगळा वेळ तिथेच बसून भरावा लागतो. पुढचा चार्जर लांब असेल तर आधी स्पीड उतरवा, एसी नंतर.

प्रश्न : मोठ्या ट्रकच्या मागे चिकटून चाललं की हवा लागत नाही आणि अॅव्हरेज वाढतं, खरं का?

उत्तर : वाढतं. करू नका. १०० ला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, ट्रकचा ब्रेक लाइट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो, आणि फायदा मिळेल एवढं जवळ गेलात तर तेवढी जागाच उरलेली नसते. पुढच्या गाडीने जो खांब ओलांडला तो तुम्ही निदान तीन सेकंदांनी ओलांडायचा, पावसात अजून जास्त.

प्रश्न : सरकारने स्पीड लिमिट कमी केलं तर खरंच तेल वाचतं का, की नुसता दंड गोळा करायचा मार्ग?

उत्तर : हे जगात खरंच केलं गेलंय. १९७३ च्या तेल संकटानंतर अमेरिकेत तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनी जानेवारी १९७४ मध्ये कायद्यावर सही केली आणि अख्ख्या देशाला ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा आली. १९८७ मध्ये गावाबाहेरच्या मोठ्या हायवेंना ६५ मैलांची सूट मिळाली आणि १९९५ मध्ये देशपातळीवरची मर्यादा रद्दच झाली. लोकांनी ती मनापासून पाळली नाही, त्यामुळे वाचलेलं तेल अपेक्षेपेक्षा कमी भरलं. स्पेनने २०११ मध्ये तेल महाग झालं म्हणून मोटरवेवर १२० चं ११० केलं, मार्च ते जून, मग परत १२०. नेदरलँड्सने २०२० मध्ये दिवसाची मर्यादा १०० वर आणली, तिथे कारण नायट्रोजनचं प्रदूषण होतं.

माझं मत विचाराल तर हवेचा नियम पाटी बघत नाही, १०० ला कमी जळतं ते जळतंच. पाटी लावून ते होईल का हे चालवणाऱ्यावर आहे, आणि लोकांना कारण न सांगता नुसती पाटी लावली की कुणी ऐकत नाही.

प्रश्न : क्रूझ कंट्रोल लावावा का? आणि अॅव्हरेज मोजायची खरी पद्धत सांगा, स्क्रीनवर एक दिसतं, पंपावर दुसरंच निघतं.

उत्तर : क्रूझ कंट्रोल म्हणजे ठरवलेला स्पीड गाडीच आपोआप धरून ठेवते ती सोय, सपाट रस्त्यावर जरूर लावा, आपला पाय नकळत वर-खाली होत असतो तो थांबतो. चढ-उताराच्या रस्त्यावर काढा, कारण तो चढावर स्पीड टिकवायला दाबत सुटतो, आपण चढावर पाच-दहा किलोमीटर पडू देतो आणि उतारावर आपोआप परत मिळवतो.

मोजायची पद्धत, पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथे थांबायचं, वर दाबून दाबून भरायचं नाही. ट्रिप मीटर शून्य करायचा. पुढच्या वेळी शक्यतो तोच पंप, तीच बाजू, परत पहिल्या क्लिकला थांबायचं, किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर भरवसा ठेवू नका, जाताना समोरून ताशी २० चा वारा असेल तर १०० ने चालवताना सुद्धा गाडीला १२० ची हवा लागते आणि येताना तोच वारा मागून ढकलतो, त्यामुळे येण्याजाण्याचं मिळूनच धरायचं. अजून एक, काट्यावरचा स्पीड मुद्दाम थोडा जास्त दाखवायला ठेवलेला असतो, संयुक्त राष्ट्रांच्या नियमाप्रमाणे तो खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवता येत नाही आणि जास्त दाखवला तर १० टक्के अधिक ४ किलोमीटर एवढाच. म्हणजे खरा १०० असताना काटा ११४ पर्यंत दाखवू शकतो. फोनच्या जीपीएसवर एकदा शेजारच्याला बघायला सांगा, तुमच्या गाडीचा फरक किती ते कळेल.

एका वहीत तारीख, किलोमीटर, लिटर, आणि साधारण कुठल्या स्पीडला चालवली एवढं लिहा. तीन टाक्या १२० ला, तीन १०० ला, आणि टायरची हवा दोन्हीकडे सारखी ठेवा. आकडे मला पाठवा, गाडी पेट्रोल की डिझेल आणि टपावर काही होतं का तेही लिहा.